बाम्बी : एका पाडसाचा आणि त्याच्या कर्त्यांचा इतिहास

मुलांच्या करमणुकीला इतिहास नसतो, अशी एक समजूत आपल्या मनात नकळत घर करून बसलेली असते. राज्ये बुडाली, तह झाले, माणसे देशोधडीला लागली, म्हणजे इतिहास झाला. पण हरणाच्या पाडसावर काढलेला, गाण्यांनी भरलेला एखादा कार्टूनपट म्हटला की त्यात इतिहास तो कसला, असे सुज्ञ माणसेही विचारतात. वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून हा विषय मांडावा की नाही, याचा आम्हीही विचार केला. आणि शेवटी मांडावा असेच ठरविले. कारण ‘बाम्बी’ हा १९४२ साली अमेरिकेत निघालेला, सत्तर मिनिटांचा, वरवर अत्यंत निष्पाप दिसणारा चित्रपट जरा उलगडून पाहिला तर त्याच्या घडीघडीतून विसाव्या शतकाचा पूर्वार्ध बाहेर पडतो. देश सोडावा लागलेला लेखक, नागरिकत्वाचा हक्क नसलेला चित्रकार, संपावर गेलेले कारागीर आणि दोन महायुद्धांच्या चिमट्यात सापडलेला युरोप, एवढी सारी मंडळी त्या पाडसाच्या मागे उभी आहेत. शिवाय एक प्रश्न आहे. मूळ पुस्तकात असलेला एक प्रसंग चित्रपटात नाही. तो असला तर या कथेचा अर्थ एक होतो, नसला तर दुसरा. आजच्या विवेचनाचा रोख त्या प्रसंगाकडे आहे.

हरणाच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. सीतेला मोह घालणारा मारीच आपण लहानपणापासून ऐकलेला असतो. शकुंतला आश्रम सोडून निघाली तेव्हा तिचा पदर धरणारे पाडसही आपल्या ओळखीचे असते. राज्यत्याग करून वनात गेलेला भरत एका पोरक्या पाडसाच्या मायेत गुंतला आणि त्यासाठी त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागला, ही कथा कीर्तनात ऐकली नाही असा श्रोता विरळा. पण या सर्व कथांत हरीण आहे ते माणसाच्या निमित्ताने. त्याची परीक्षा होत नाही. परीक्षा होते ती राजाची, ऋषीची, नाही तर विरहिणीची. जातककथांत हरीण स्वतः बोलते, राजाला उपदेशही करते. पण ते बोलणारे हरीण म्हणजे बोधिसत्त्वच असतो. हरणाच्या डोळ्यांनी अरण्य पाहावे, आणि त्या अरण्याच्या कडेला उभा असलेला माणूस हरणाला कसा दिसत असेल ते सांगावे, ही कल्पना निराळी आहे. ती घेऊन व्हिएन्नातील एका वृत्तपत्रकाराने पुस्तक लिहिले, आणि आपला इतिहास तेथून सुरू होतो.

या लेखकाचे नाव फेलिक्स साल्टेन. हे त्याने घेतलेले नाव होते. जन्मनाव सिग्मुंड साल्झमान. १८६९ साली हंगेरीतील पेस्ट शहरी एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. त्याचे आजोबा सनातनी वळणाचे रब्बी होते. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात ज्यूंना पूर्ण नागरी हक्क मिळाले ते १८६७ साली. म्हणजे मूल आणि त्याचा हक्क हे जवळजवळ बरोबरीचेच. नव्या हक्काच्या आशेने असंख्य ज्यू कुटुंबे व्हिएन्नाला आली, तसे हेही आले. घरी गरिबी होती. मुलाने लेखणीच्या बळावर वर यावयाचे ठरविले आणि तो आला. नाट्यसमीक्षक, कथाकार, वृत्तपत्रांतील नामांकित लेखक अशी पायरीपायरीने त्याची चढण झाली. श्निट्झलर, होफमानस्थाल यांच्यासारख्या नवसाहित्यिकांच्या कंपूत त्याची ऊठबस असे. त्याच व्हिएन्नात १८९७ पासून १९१० पर्यंत कार्ल लुएगर हा महापौर होता, आणि ज्यूद्वेषाचा राजकारणात कसा उपयोग करता येतो याचा धडा त्याने युरोपला घालून दिला होता. साल्टेनची मान्यता आणि त्याच्याभोवतीचा द्वेष ही दोन्ही एकाच शहरात, एकाच काळात वाढत होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पहिल्या महायुद्धाने साम्राज्य मोडले. मोठ्या साम्राज्याची राजधानी असलेले व्हिएन्ना एका चिमुकल्या देशाचे अवजड डोके होऊन बसले. अशा दिवसांत, १९२२ साली, ‘नॉये फ्राये प्रेसे’ या व्हिएन्नाच्या प्रतिष्ठित दैनिकात साल्टेनची ‘बाम्बी’ ही कथा क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९२३ साली बर्लिनच्या उल्श्टाइन प्रकाशनसंस्थेने तिचे पुस्तक काढले. इटालियन भाषेत लहान मुलाला ‘बांबिनो’ म्हणतात. त्यावरून नायकाचे नाव घेतलेले. पुस्तकाचे उपशीर्षक होते ‘अरण्यातील एक जीवनकथा’. हे उपशीर्षक महत्त्वाचे आहे. लेखकाने बालकथा लिहिली नव्हती; जीवनकथा लिहिली होती.

कथा अशी. दाट झुडुपांत एक पाडस जन्मते. आईबरोबर हिंडता हिंडता ते जग शिकते. कुरण म्हणजे आनंद, पण कुरण म्हणजे उघड्यावर येणेही. म्हणून आई आधी पुढे जाते, हुंगते, कान टवकारते आणि मग पिलाला हाक मारते. अरण्यातले प्राणी माणसाला माणूस म्हणत नाहीत. ते त्याला नुसते ‘तो’ म्हणतात. त्याला तिसरा हात आहे आणि त्या हातातून वीज निघते, असे ते एकमेकांना सांगतात. ‘तो’ कधी आपल्याशी समेट करील काय, यावर त्यांचे वाद चालतात. एका हाकाऱ्यात पुष्कळ प्राणी मारले जातात. आई नाहीशी होते. पुढे बाम्बीला वाट दाखवितो तो एक वृद्ध, एकाकी, क्वचित दिसणारा नर. पाडस एकटे राहावयास शिकते. मोठे होणे म्हणजे एकटे राहता येणे, असा या पुस्तकातील कठोर धडा आहे.

पुस्तकातील तीन प्रसंग आम्हांला विशेष लक्षात घेण्याजोगे वाटतात. पहिला गोबो नावाच्या पाडसाचा. तो दुबळा. बर्फात पडलेला असताना माणूस त्याला उचलून नेतो, खाऊपिऊ घालतो, गळ्यात पट्टा बांधतो. मोठा होऊन तो अरण्यात परततो तो अभिमानाने. ‘तो’ माझा स्नेही आहे, मला त्याच्यापासून भय नाही, असे साऱ्यांना सांगतो. वृद्ध नर त्याची कीव करतो. एके दिवशी भर उजेडात गोबो कुरणावर जातो, समोर माणूस दिसूनही पळत नाही, आणि गोळी लागून मरतो. दुसरा प्रसंग कोल्ह्याचा आणि शिकारी कुत्र्याचा. जखमी कोल्हा कुत्र्याला फितूर म्हणतो, भोवतीचे प्राणी त्याला साथ देतात. आणि कुत्रा उत्तर देतो की ‘तो’ सर्वशक्तिमान आहे, आपण त्याचीच सेवा केली पाहिजे. तिसरा प्रसंग शेवटाकडचा. वृद्ध नर बाम्बीला एके ठिकाणी घेऊन जातो. तेथे एक माणूस मरून पडलेला आहे. दुसऱ्या माणसाच्या गोळीने मेलेला. वृद्ध नर दाखवितो तो एवढ्यासाठी की ‘तो’ सर्वशक्तिमान नाही, तोही आपल्यासारखाच मरतो, त्यालाही भय वाटते. ते पाहून बाम्बीच्या मनात उजाडते की आपल्यावर आणि त्याच्यावरही, दोघांवर, आणखी कोणी आहे. या क्षणी बाम्बीचे शिक्षण पूर्ण होते. वृद्ध नर निघून जातो.

ही कथा म्हणजे युरोपातील ज्यूंच्या स्थितीचे रूपक होय, असे पुष्कळांनी प्रतिपादिले आहे. गोबोचा प्रसंग वाचताना, सत्ताधीशांच्या मेहेरबानीवर विसंबून आपण आता सुरक्षित झालो असे मानणाऱ्या माणसाची आठवण होणे स्वाभाविकच आहे. साल्टेनला थिओडोर हर्झलच्या चळवळीविषयी आस्था होती. १९२४ साली त्याने पॅलेस्टाइनचा प्रवास करून त्यावर पुस्तकही लिहिले. तथापि एवढ्यावरून साऱ्या अरण्याला कोडे समजून एकेका प्राण्याला एकेका जमातीचे नाव देत बसावे, हे आम्हांला पटत नाही. साल्टेन स्वतः शिकारी होता. त्याने हरणे पाहिली होती, तशी मारलीही होती. त्याच्या पुस्तकातील हरीण आधी हरीण आहे. पण ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या कुरणावर कान टवकारून चरण्याचा अनुभव घेतला, त्यालाच हरणाचे भय इतके बारकाईने लिहिता आले, असे म्हणण्यास हरकत नसावी.

इतिहासाने मात्र या पुस्तकाला रूपकाहूनही भयंकर रीतीने खरे केले. जर्मनीत हिटलरची राजवट आली, आणि १९३६ साली साल्टेनच्या पुस्तकांवर बंदी पडली. मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य व्हिएन्नात शिरले. दुसऱ्या वर्षी, वयाच्या सत्तरीला टेकलेला हा लेखक घर, ग्रंथसंग्रह आणि शहर सोडून झुरिकला गेला. स्वित्झर्लंडने आश्रय दिला तो वृत्तपत्रांत लिहावयाचे नाही या अटीवर. जन्मभर वृत्तपत्रांत लिहून पोट भरलेल्या माणसाला ही अट काय वाटली असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

दरम्यान पाडस समुद्र ओलांडून गेले होते. १९२८ साली पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर निघाले. भाषांतरकार होता व्हिटेकर चेंबर्स. तेव्हा कम्युनिस्ट असलेला आणि पुढे १९४८ साली अल्जर हिस याच्यावर हेरगिरीशी संबंधित आरोप करून अमेरिकेत खळबळ उडविणारा तोच हा चेंबर्स. प्रस्तावना जॉन गॉल्सवर्दी याची. पुस्तक अमेरिकेत अतिशय खपले. १९३३ साली सिडने फ्रँकलिन या हॉलिवुडच्या दिग्दर्शकाने साल्टेनकडून चित्रपटाचे हक्क एक हजार डॉलरला विकत घेतले. पण जिवंत हरणांकडून अभिनय करवून घेणे अशक्य, हे त्याच्या लवकरच ध्यानी आले, आणि १९३७ साली त्याने ते हक्क वॉल्ट डिस्नेच्या स्वाधीन केले. मराठी वाचकाला या फ्रँकलिनची एक निराळी ओळख सांगता येईल. मार्जोरी किनन रॉलिंग्ज हिच्या ज्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी ‘पाडस’ या नावाने केलेला अनुवाद आपल्याकडे घरोघर वाचला गेला, त्या कादंबरीवरील १९४६ च्या चित्रपटाचा निर्माता हाच. एका पाडसाला मोठे होताना आई गमवावी लागते; दुसऱ्यात पाडसालाच गमावून मुलगा मोठा होतो. दोन्ही कथा एकाच माणसाच्या हातांतून पडद्यावर गेल्या, हा योगायोग मोठा चमत्कारिक आहे.

आपल्याकडे अशा चित्रपटांना सरसकट व्यंगचित्रपट म्हणण्याची चाल होती. ‘बाम्बी’च्या बाबतीत ते नाव अगदीच गैरलागू आहे, कारण येथे व्यंग टाळण्याचीच सारी धडपड होती. उंदराला विजार घालून नाचविणे सोपे; पण हरीण हरणासारखे उठले, बसले, थरथरले पाहिजे, असा येथे आग्रह होता. त्यासाठी मेन राज्यातून दोन जिवंत पाडसे चित्रशाळेत आणण्यात आली. रिको लेब्रन हा चित्रकार तेथील कारागिरांना प्राण्यांच्या हाडांची आणि स्नायूंची रचना शिकवू लागला. मेनच्या अरण्याची असंख्य छायाचित्रे काढून आणण्यात आली. साल्टेनचे हरीण युरोपातील लहान चणीचे रो हरीण. चित्रपटात ते अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीचे हरीण झाले. मूळ पुस्तकातील स्थलांतर येथे प्राण्याच्या जातीपर्यंत पोचले! गोबो गेला, कोल्हा आणि कुत्रा यांचा वाद गेला. त्यांच्या जागी थंपर हा खोडकर ससा आणि फ्लॉवर हा लाजाळू स्कंक आला. मुलांना हसविण्यासाठी हे आवश्यक होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

काम अडले ते अरण्यापाशी. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात. हरणाची आकृती पारदर्शक कागदावर रंगवून मागच्या रंगीत देखाव्यावर ठेवावयाची आणि छायाचित्र घ्यावयाचे, अशी ही पद्धत. आरंभीच्या देखाव्यांत पान न् पान, फांदी न् फांदी रेखाटलेली असे; आणि त्या गर्दीत हरीण हरवून जाई. हे कोडे ज्याने सोडविले त्याचे नाव टायरस वाँग. १९१० साली दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतात त्याचा जन्म झाला. नऊ-दहा वर्षांचा असताना वडिलांबरोबर तो अमेरिकेस निघाला. आई आणि बहीण मागे राहिल्या, त्या पुन्हा कधी भेटल्या नाहीत. चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी करणारा कायदा १८८२ पासून अमलात होता. तो चुकविण्यासाठी खोट्या कागदपत्रांवर, दुसऱ्याचे नाव घेऊन पुष्कळ लोक येत. हे बापलेकही तसेच आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर त्या मुलाला वडिलांपासून वेगळे करून डांबून ठेवण्यात आले आणि त्याची उलटतपासणी झाली. पुढे वडिलांनी त्याच्याकडून कुंचल्याने अक्षरे गिरवून घेतली. शाई परवडत नसे म्हणून जुन्या वर्तमानपत्रावर पाण्याने. पाणी वाळले की अक्षर नाहीसे, पुन्हा गिरवावयाचे.

हा वाँग १९३८ साली डिस्नेच्या चित्रशाळेत लागला तो अगदी खालच्या कामावर. मुख्य चित्रकाराने काढलेल्या दोन आकृतींच्या मधल्या आकृती भरण्याचे ते कंटाळवाणे काम. ‘बाम्बी’ची वार्ता कानी येताच त्याने पुस्तक वाचले आणि आपण होऊन अरण्याची काही छोटी चित्रे रंगवून वरिष्ठांना दाखविली. त्यांत पाने जवळजवळ नव्हतीच. धुके होते, झिरपणारा उजेड होता, कडेला विरघळत गेलेली झाडी होती आणि मध्ये मोकळ्या जागी एक लहानसे हरीण होते. चीनमधील सुंग काळातील निसर्गचित्रांची ही रीत. काढलेल्या इतकेच न काढलेल्याला महत्त्व देणारी. डिस्नेला ती पसंत पडली आणि साऱ्या चित्रपटाचा रंग, प्रकाश आणि भाव तिच्यावर बेतला गेला. आज आपण ‘बाम्बी’चे अरण्य म्हणतो ते वाँगचे अरण्य आहे. पण श्रेयनामावलीत त्याचे नाव येते ते अनेक देखावे रंगविणाऱ्यांपैकी एक म्हणून.

या चित्रपटाच्या संगीताविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तो संगीतपट आहे आणि तोही निराळ्या तऱ्हेचा. यातील प्राणी बोलतात, तेही फारच थोडे. पण गात नाहीत. गाणी सारी बाहेरून येतात, वृंदगानातून. पाऊस सुरू होतो तेव्हा थेंबांची लय वाद्यांतून उमटते आणि मग आवाज त्यात मिसळतात. अरण्यच गाते आहे, असा भास व्हावा ही योजना. माणसाच्या येण्याची चाहूलसुद्धा संगीतानेच दिली आहे. तीन स्वरांची एक दबकत, जवळजवळ येणारी आकृती. माणूस डोळ्यांना कधीच दिसत नाही. तो ऐकू येतो. फ्रँक चर्चिल आणि एडवर्ड प्लंब यांचे हे संगीत अकादमी पारितोषिकाच्या स्पर्धेपर्यंत गेले. पण चर्चिलने मे १९४२ मध्ये, चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, आत्महत्या केली होती.

ज्या वर्षांत हे कोमल अरण्य रंगविले जात होते, त्या वर्षांत चित्रशाळेच्या दारात काय चालले होते? युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद पडली होती. १९४० साली निघालेले ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेशिया’ तोट्यात गेले. कर्ज वाढले. वेतनातील विषमता, मनमानी आणि संघटनेला मान्यता न देणे यांमुळे मे १९४१ च्या अखेरीस कारागिरांनी संप पुकारला. तो सुमारे नऊ आठवडे चालला आणि शेवटी संघटनेला मान्यता द्यावी लागली. संपाच्या पाठोपाठ माणसे कमी करण्यात आली, त्यांत वाँगही गेला. आणि नवल असे की तो संपात नव्हताच. डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली आणि चित्रशाळेच्या आवारात लष्कराने मुक्काम ठोकला. अशा स्थितीत, काटछाट करीत, ‘बाम्बी’ पुरा झाला.

ऑगस्ट १९४२ मध्ये तो आधी लंडनला आणि मग न्यूयॉर्कला प्रदर्शित झाला. त्याच महिन्यात इकडे मुंबईत गवालिया टँकच्या मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला होता. जगाचे लक्ष पाडसाकडे नव्हते, यात आश्चर्य नाही. पहिल्या फेरीत खर्चही भरून निघाला नाही. त्या दिवशी चित्रपटगृहात बसलेल्या अमेरिकन माणसाला ज्याचे अरण्य पाहून भरून आले असेल, त्या वाँगला, चीनमध्ये जन्मला म्हणून, कायद्याने अमेरिकन नागरिक होता येत नव्हते. तो कायदा रद्द झाला १९४३ साली. आणि ज्याची कथा, तो साल्टेन झुरिकमध्ये परक्या छताखाली होता. ऑक्टोबर १९४५ मध्ये, युद्ध संपल्यावर पाच महिन्यांनी, तेथेच त्याचा अंत झाला.

आता आपण त्या वगळलेल्या प्रसंगाकडे येऊ. मेलेल्या माणसाचा प्रसंग चित्रपटात नाही. माणसांच्या निष्काळजीपणाने पेटलेला वणवा चित्रपटात आहे, आणि त्या वणव्यात शिकारीच जळून मेल्याचे दाखवावे असा विचार तयारीच्या काळात झालाही होता. पण तो सोडून देण्यात आला. परिणाम काय झाला? माणूस कधी दिसत नाही, म्हणून तो कधी मरतही नाही. पुस्तकात ‘तो’ आरंभी देव वाटतो आणि शेवटी मर्त्य ठरतो. चित्रपटात तो आरंभापासून अखेरपर्यंत एक संकटच राहतो. वादळासारखे, वणव्यासारखे, उत्तर नसलेले. पुस्तकातील पाडस भयापासून समजुतीकडे वाढते. चित्रपटातील पाडस भयापासून सहनशीलतेकडे वाढते. ऋतू फिरतात, शिंगे येतात, नवी पिले जन्मतात. पण सत्ता म्हणजे काय, हे त्या तरुण नराला कोणीच सांगितलेले नसते.

वगळण्याचाही एक गुण असतो, हे आम्ही मान्य करतो. आई मरते तेव्हा पडद्यावर गोळीचा आवाज आणि पडणारे बर्फ एवढेच असते. ती पडताना दाखविली असती तर मुले दचकली असती. न दाखविल्यामुळे ती जन्मभर विसरत नाहीत. अदृश्य माणसाचीही दहशत अशीच. २००३ साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने चित्रपटांतील पन्नास खलनायकांची यादी केली, तेव्हा त्यात ‘बाम्बी’तील ‘माणूस’ विसाव्या क्रमांकावर होता. ज्याचे तोंड कोणी पाहिले नाही असा हा खलनायक!

पण जो दिसत नाही त्याच्याशी विचाराने वागता येत नाही, हे पुढच्या घटनांवरून दिसते. चित्रपट निघताच ‘आउटडोअर लाइफ’ या शिकाऱ्यांच्या मासिकाच्या संपादकाने, हा अमेरिकन शिकाऱ्यांचा अपमान आहे, असा निषेध केला. दुसऱ्या बाजूने वनखात्याने पाडसाला कामाला लावले. १९४४ साली वणव्याविरुद्धच्या सरकारी भित्तिपत्रकांवर बाम्बी झळकला. ती परवानगी वर्षापुरतीच होती म्हणून नवा प्राणी शोधावा लागला, आणि त्यातूनच पुढे प्रसिद्ध झालेला ‘स्मोकी’ अस्वल जन्मास आला. याच सुमारास विस्कॉन्सिन राज्यात निसर्गशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड सांगत होता की लांडगे नाहीसे झाल्यामुळे हरणे बेसुमार वाढली आहेत, ती अरण्य खाऊन टाकतील आणि मग स्वतः उपाशी मरतील; म्हणून माद्यांचीही संख्या कमी केली पाहिजे. लोकांनी त्याला कडाडून विरोध केला. त्या विरोधाची कारणे अनेक होती. पण त्यांत बाम्बीच्या आईचाही वाटा होता, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ‘बाम्बी’च्या अरण्यात लांडगा नाही, भूक हिवाळ्यापुरतीच आहे, आणि मरण येते ते फक्त माणसाकडून. साल्टेनच्या अरण्यात कोल्हा पक्षी मारतो, फेरेट उंदीर मारते. तेथे निसर्गही निष्पाप नाही. करुणा शिकविताना अर्धे सत्य शिकविले, म्हणजे करुणाही आंधळी होते.

कथा कोणाची, हा वादही पुष्कळ दिवस चालला. साल्टेनच्या मुलीने १९५४ साली पुस्तकाच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण केले होते. पुढे ते हक्क दुसऱ्या संस्थेकडे गेले आणि डिस्नेशी खटला उभा राहिला. १९२३ च्या जर्मन आवृत्तीवर हक्काची सूचना छापलेली नव्हती, त्यामुळे नूतनीकरण उशिरा झाले आणि पुस्तक सर्वांचे झाले, असा डिस्नेच्या बाजूने युक्तिवाद करण्यात आला. १९९६ साली अपील न्यायालयाने तो फेटाळला. अखेर २०२२ च्या आरंभी अमेरिकेत ते पुस्तक हक्कमुक्त झाले, आणि त्याच वर्षी जॅक झाइप्स याने नवे इंग्रजी भाषांतर काढून मूळ पुस्तक बालकथा नव्हते याकडे लक्ष वेधले. वाँगच्या वाट्याला न्याय आला तोही असाच उशिरा. १९४६ साली तो नागरिक झाला, दुसऱ्या एका चित्रसंस्थेत त्याने पंचवीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली, आणि २००१ साली, वयाच्या नव्वदीत, डिस्नेने त्याचा गौरव केला. डिसेंबर २०१६ मध्ये, एकशे सहा वर्षांचा होऊन, तो वारला.

हा सारा इतिहास सांगितल्यावर, मग मुलांना ‘बाम्बी’ दाखवावा की नाही, असा प्रश्न कोणी विचारील. अवश्य दाखवावा. इतकी हळुवार, इतकी संयमी कलाकृती या प्रकारात थोडीच झाली आहे. परंतु चित्रपट संपल्यावर मूल विचारते, आईला कोणी मारले? तेव्हा ‘एका दुष्ट माणसाने’ एवढे सांगून उठू नये. त्याला सांगावे की ही गोष्ट ज्याने लिहिली त्याला त्याच्या शहरातून जावे लागले; हे धुके ज्याने रंगविले त्याला लहानपणी एका बेटावर आईबापांवाचून डांबून ठेवले होते. आणि हेही सांगावे की मूळ गोष्टीत आणखी एक प्रसंग आहे. त्यात म्हातारे हरीण तरुण हरणाला दाखविते की ज्याला आपण ‘तो’ म्हणून भितो, तोही आपल्यासारखाच मरणाधीन आहे. साल्टेनच्या काळात कोट्यवधी माणसांनी एका माणसाला सर्वशक्तिमान मानले होते. तसे मानू नये, हे मुलांना लहानपणीच कळलेले बरे. पडद्यावरून काढलेला तो प्रसंग घरी आपण सांगावयास हवा.